लिफ्ट केव्हातरी येते

आमच्या इमारतीची लिफ्ट चुकते हे सिद्ध करण्याचं काम मी हौसेने घेतलं नव्हतं. मला सकाळी ऑफिसला न्यायला आणि संध्याकाळी परत आणायला ती बिचारी वेळेवर हजर असायची. भांडण होतं ते तिचं आणि माझ्या सासऱ्यांचं.

सासऱ्यांना सगळे नाना म्हणतात. जन्मभर त्यांनी शाळेत व्याकरण शिकवलं. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडे राहतात, आठव्या मजल्यावर, म्हणजे इमारतीत सगळ्यात वर. दुपारी जरा लवंडून झालं की नाना खाली उतरून रस्त्यापलीकडच्या घरी जायचे. तिथे त्यांचे मित्र अंथरुणाला खिळलेले होते. हे मित्र पूर्वी कोर्टात टायपिस्ट होते. आता एक बाजू लुळी पडली होती आणि डोळ्यांनाही बारीक अक्षर दिसत नव्हतं. नाना त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे आणि वाचता वाचता बातमीदारांच्या चुका सुधारायचे. त्या चुकांवर दोघांचं जे काही बोलणं व्हायचं त्यातच त्यांची संध्याकाळ होत असे.

मग जुनी लिफ्ट थकली, तिच्या जागी नवी चकचकीत लिफ्ट आली, आणि नाना म्हणू लागले की लिफ्ट येत नाही.

येत नाही म्हणजे नक्की काय होतं, असं मी विचारलं. नाना म्हणाले, येत नाही म्हणजे येत नाही. यात संधी नाही की समास नाही. बटण दाबून ते उभे राहतात, दिवा लागतो, पाय दुखायला लागतात, शेवटी ते घरात येतात. मी सकाळी बटण दाबून पाहिलं, लिफ्ट आली. बायकोने संध्याकाळी पाहिलं, आली. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघांनी नानांच्या डोळ्यांदेखत दाबलं तर ती जणू दाराआड वाट बघत असल्यासारखी आली. नाना आत गेले.

अशी गोष्ट इमारतीत लपून राहत नाही. दुसऱ्या मजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत. त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं की या वयात माणसाचा वेळेचा अंदाज सैल होतो, पाच मिनिटं तासासारखी वाटतात. त्या वेळी तिच्या तोंडात त्यांचं यंत्र फिरत असल्यामुळे तिला उत्तर देता आलं नाही. तिसऱ्या मजल्यावर नाचाचे वर्ग चालतात. तिथल्या बाईंचं मत पडलं की वयस्कर माणसं बटण फार हळू दाबतात, आत्मविश्वासाने दाबायला हवं. कमिटीचे सेक्रेटरी पहिल्या मजल्यावर राहतात. नवी लिफ्ट ही त्यांच्या कारकिर्दीतली सर्वात मोठी कामगिरी, त्यामुळे त्यांनी ही तक्रार स्वतःच्या चारित्र्यावर घेतली. नानांना एकदा दाखवून आणा, असं ते मला लिफ्टपाशी बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाले.

आम्ही मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून आणलं. डॉक्टरांनी नानांना घड्याळ काढायला सांगितलं, प्राण्यांची नावं विचारली, आज वार कोणता ते विचारलं. नानांनी सगळं नीट केलं आणि वर डॉक्टरांच्या प्रश्नातलं एक लिंग दुरुस्त केलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने छान आहे. नाना घायाळ झाले ते या ‘वयाच्या मानाने’मुळे. त्या दिवसापासून त्यांनी लिफ्टकडे जाणंच सोडलं. गुडघ्यांमुळे आठ मजले जिना उतरणं शक्य नव्हतं. बायको म्हणाली, सुट्टीच्या दिवशी मी नेते. नाना म्हणाले, तुझ्याबरोबर गेलो तर लिफ्ट येईल आणि मी पुन्हा खोटा ठरेन, त्यापेक्षा खोलीत बरा आहे. मित्राच्या हातात फोन ठरत नव्हता. तेव्हा त्यांच्याकडे कामाला असलेल्या बाईंना बायकोने, नानांना जरा बरं नाही, असा निरोप दिला. नाना दुपारभर खिडकीत बसू लागले. वर्तमानपत्रांच्या घड्या न मोडता एकावर एक साचू लागल्या.

अशाच एका दिवशी जेवताना बायको मला म्हणाली, “तुझं ते ऑफिसातलं यंत्र आहे ना, चुका शोधणारं? ते लिफ्टला लाव.”

इथे मला माझ्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. सहसा ते कोणी ऐकून घेत नाही. दवाखान्यात रोग्याच्या शिरेत थेंब थेंब औषध सोडणारी जी यंत्रं असतात त्यांचे प्रोग्रॅम आमची कंपनी लिहिते. मी ते लिहीत नाही. लिहिलेले बरोबर आहेत का ते पाहतो, आणि तेही मी स्वतः पाहत नाही, एक दुसरा प्रोग्रॅम पाहतो. आम्ही त्याला परीक्षक म्हणतो. आपण त्याला तपासायचा प्रोग्रॅम द्यायचा आणि एक वाक्य द्यायचं, जे कायम खरं असायला हवं. चार-दोनदा चालवून बघून परीक्षकाचं समाधान होत नाही. जे जे घडू शकतं ते सगळं तो धुंडाळतो. वाक्य कधीच मोडत नसेल तर तो ‘सिद्ध’ असा एकच शब्द लिहितो. मोडत असेल तर कसं मोडतं त्याची हकिकत पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगतो. लग्नाला इतकी वर्षं होऊन माझं काम बायकोच्या लक्षात राहिलं आहे हे कळून मला भरून आलं, आणि त्या भरात मी हो म्हणालो.

आमच्या विभागप्रमुख बाईंनी परवानगी दिली. लिफ्टवाल्या कंपनीने मात्र प्रोग्रॅम द्यायला नकार दिला. तो फक्त मालकाला मिळेल. मालक म्हणजे इमारत, आणि इमारत म्हणजे सेक्रेटरी व खजिनदार यांची एका अर्जावर सही. या दोघांचं एका कुंडीवरून बिनसलं होतं आणि ते एकमेकांशी बोलत नव्हते. खजिनदारांनी सही केली की मी करतो, असं सेक्रेटरी म्हणाले. खजिनदार म्हणाले, आधी त्यांची होऊ दे. आमच्या धंद्यात या रोगाला नाव आहे, परीक्षक तो चुटकीसरशी पकडतो आणि आम्ही तरुण सहकाऱ्यांना असं लिहू नका म्हणून दटावतो. माणसांना दटावता येत नाही. मी अर्जाच्या दोन प्रती काढल्या, दोघांना एकेक दिली आणि समोरचा दुसऱ्या प्रतीवर सही करतोच आहे असं दोघांनाही सांगितलं. कंपनीने दोन्ही प्रती टाचून घेतल्या आणि एकदाचा प्रोग्रॅम दिला, तोही कोणाला दाखवणार नाही अशी हमी माझ्याकडून लिहून घेऊन.

सुट्टीच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर मी काम मांडलं. पहिलं वाक्य लिहिलं : बटण दाबलं की लिफ्ट येते. परीक्षकाने ते लगेच मोडून दाखवलं. त्याच्या हकिकतीत वीज जाते आणि पुन्हा कधीच येत नाही. मी लिहिलं, वीज गेली तरी परत येते असं धरून चाल. मग त्याने एक इसम आणला. हा इसम तळमजल्यावर दारात पाय अडकवून उभा राहतो आणि अनंतकाळ हलत नाही. असं कोणी करत नाही, असं मी लिहायला गेलो तर बायको म्हणाली की विजेबद्दल काय ते धर, पण पाचव्या मजल्यावरच्या मावशी निरोप घेताना दारात कशा उभ्या राहतात ते तू पाहिलेलं नाहीस. तरी मी ते लिहिलं. मग परीक्षकाने धोक्याचं बटण युगानुयुगे दाबून धरणारा माणूस आणला.

नानांच्या खोलीचं दार उघडं होतं. ते ऐकत असावेत. थोड्या वेळाने ते बाहेर आले आणि हा दारात पाय घालणारा कोण, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, कोणी नाही, यंत्राने कल्पनेने उभा केलेला माणूस आहे. नाना खुर्ची ओढून बसले. कित्येक दिवसांनी ते त्या टेबलाशी जेवणाशिवाय बसले होते. त्यांनी माझं वाक्य वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘की’ म्हणजे काय, लगेच की नंतर? मी म्हणालो, नंतर कधीतरी आली तरी चालेल. मग तसं लिही, नाना म्हणाले, वाक्यात नाही ते वाचणाऱ्याने मनात घालून घ्यावं अशी अपेक्षा ठेवू नये. माझ्या नोकरीचं सार कोणी इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं, पण सासऱ्यांना लगेच दाद देणं माझ्या स्वभावात नाही. मी मुकाट्याने लिहिलं : बटण दाबलं तर लिफ्ट केव्हातरी येते.

यावेळी परीक्षक बराच वेळ घुमत राहिला. आमचा चहा झाला, कप विसळून झाले. मग पडद्यावर हकिकत उमटली. आठव्या मजल्यावर एक माणूस बटण दाबतो. लिफ्ट तिसऱ्यावर आहे. तळमजल्यावर कोणी बटण दाबतो, लिफ्ट तिकडे जाते. तो दुसऱ्यावर उतरतो, तोवर तिसऱ्यावर कोणी बटण दाबतो. लिफ्ट तिसऱ्यावर येते, त्याला तळमजल्यावर सोडते. तिथे आणखी कोणी उभा असतो. आठव्या मजल्यावरचा माणूस वाट पाहत असतो. आणि शेवटची ओळ : येथून पुन्हा पहिल्यापासून.

नव्या लिफ्टचं कौतुक करताना कंपनीने सांगितलं होतं की ती हुशार आहे, सर्वात जवळचं बोलावणं आधी घेते. जवळची बोलावणी संपलीच नाहीत तर काय, हे कोणी विचारलं नव्हतं. दुपारी दातांच्या डॉक्टरांकडे रोग्यांची रांग असते. त्याच वेळी नाचाचा एक वर्ग सुटतो आणि दुसरा भरतो. सकाळी, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी यातलं काहीच नसतं, आणि आम्ही लिफ्ट तपासली होती ती नेमकी तेव्हाच.

नानांनी ती हकिकत सावकाश वाचली, मग पुन्हा वाचली.

“हा आठव्या मजल्यावरचा माणूस,” ते म्हणाले, “मी आहे.”

बायको उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ सोडला. तिथे धुवायचं काहीच उरलेलं नव्हतं.

आता प्रश्न सुटला असं मला वाटलं. अशा वेळी मला नेहमी तसंच वाटतं. कमिटीच्या बैठकीत मी हकिकत वाचून दाखवली. सेक्रेटरींनी विचारलं की तक्रार एकूण किती रहिवाशांची आहे. मी म्हणालो, एका. ते इतरांकडे बघून हसले नाहीत, पण हसले असते तर बरं झालं असतं. माझ्या रोग्यांवर ठपका ठेवला जातोय, असं दातांचे डॉक्टर म्हणाले. मुलींनी आता जिन्याने यायचं का, असं नाचाच्या बाईंनी विचारलं. खजिनदारांनी मला पाठिंबा दिला, पण तो सेक्रेटरींच्या विरुद्ध होता, माझ्या बाजूने नव्हता. अखेर ठरलं की यंत्राचं यंत्राजवळ राहू द्या, सगळ्यांनी एके दुपारी आठव्या मजल्यावर उभं राहून स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं.

ठरल्या दुपारी मी रजा घेतली. मंडळी एकेक करून वर जमली. नानांनी धुतलेला सदरा घातला होता. त्यांनी बटण दाबलं आणि सगळे लिफ्टच्या बंद दाराकडे बघत उभे राहिले. लिफ्ट आली. सरळ, कुठे न थांबता आली, दार उघडून अदबीने थांबली.

सेक्रेटरींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. असा हात लोक दुखवट्याला गेल्यावर ठेवतात. दातांच्या डॉक्टरांनी नानांना, जपा हं तब्येतीला, असं सांगितलं. मी त्या उघड्या दाराकडे बघत होतो. हजारो रोग्यांच्या जिवाचा भरवसा मी ज्या परीक्षकावर ठेवतो त्याने मला शेजाऱ्यांपुढे तोंडघशी पाडलं होतं.

सगळे लिफ्टमध्ये शिरणार एवढ्यात नाना म्हणाले, “डॉक्टर, तुम्ही इथे आहात तर खाली दात कोण काढतंय?”

डॉक्टर म्हणाले, या कामासाठी त्यांनी दवाखाना तासभर बंद ठेवला होता. नाचाच्या बाईंनीही वर्ग उशिरा ठेवला होता. नानांनी मान डोलावली. तुम्ही दोघं खाली जा आणि आपापली कामं सुरू करा, ते म्हणाले, सेक्रेटरींनी तेवढं माझ्याजवळ थांबावं. ते हे वर्गात फळ्याशी बोलवावं तसं म्हणाले, आणि सेक्रेटरी थांबले.

खाली दवाखाना उघडला, वर्ग भरला. नानांनी बटण दाबलं. दारावरचे आकडे बदलू लागले : तीन, शून्य, दोन, तीन, शून्य. मी घरातून दोन खुर्च्या आणल्या. सेक्रेटरी म्हणाले, खुर्चीची गरज नाही, आता येईलच. मग ते बसले. त्यांचा खुबा बदललेला आहे, जिना उतरायला त्यांना मनाई आहे. तीन, शून्य, तीन, दोन. त्यांनी उठून एकदा आत्मविश्वासाने बटण दाबलं. त्यांना कुठेतरी जायचं होतं, तिथून फोन आला. त्यांनी निघालोच म्हणून सांगितलं, आणि दुसरा आला तेव्हा जरा अडकलोय म्हणाले. तिसरा फोन त्यांनी घेतला नाही. बायकोने चहा आणून दिला. नाना त्यांना एका शब्दानेही बोलले नाहीत. शेजारच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून ते आकडे बघत राहिले. त्यांना त्याची सवय होती.

बऱ्याच वेळाने सेक्रेटरी आकड्यांवरून नजर न काढता म्हणाले, “रोज असंच व्हायचं?”

“रोज,” नाना म्हणाले.

वर्ग सुटून खाली सामसूम झाल्यावर लिफ्ट आली. सेक्रेटरींनी उठून नानांना नमस्कार केला आणि ते खाली गेले. त्याच संध्याकाळी त्यांनी लिफ्टच्या कंपनीला फोन केला. ते काय बोलले माहीत नाही, पण पहिल्या मजल्यावरचा आवाज चौथ्यापर्यंत ऐकू आला असं लोक सांगतात.

कंपनीने तत्परतेने दुरुस्ती केली. आता आठव्या मजल्याचं बोलावणं सगळ्यांच्या आधी घेतलं जाऊ लागलं. दोन दिवस मी राजासारखा आलो-गेलो. मग परीक्षकाने मला दुसऱ्या मजल्यावर ताटकळणाऱ्या माणसाची हकिकत सांगितली, आणि परीक्षकाची वाट न बघता तीच हकिकत दातांच्या डॉक्टरांनीही येऊन सांगितली. दुरुस्तीची पुन्हा दुरुस्ती झाली. आता प्रत्येक बोलावण्याला पाळी मिळणार होती. मी परीक्षक चालवला आणि तो शब्द उमटला : सिद्ध. मी नानांना हाक मारली. त्यांनी वाक्य पाहिलं.

“यात केव्हातरी आहे,” ते म्हणाले.

मी म्हणालो, तुम्हीच लिहायला सांगितलं होतं. नाना म्हणाले, तेव्हा ती येतच नव्हती. आता ती येते, तर केव्हा येते ते लिही. पुढच्या वर्षी आली तरी तुझं यंत्र सिद्ध म्हणेल, आणि माझ्या मित्राला तेवढा वेळ आहे की नाही हे कोणाला ठाऊक. त्यांनी आवाज चढवला नव्हता. मी ‘केव्हातरी’ खोडलं आणि ‘पुढच्या फेरीत’ असं लिहिलं. परीक्षकाने ते मोडलं. कंपनीचे लोक मला ओळखू लागले होते, माझा नंबर दिसला की फोन उचलत नसत. सेक्रेटरींचा मात्र उचलत. अखेर तेही वाक्य सिद्ध झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाना निघाले. बायकोने मला रजा टाकून सोबत जायला लावलं, कारण बऱ्याच दिवसांत त्यांनी रस्ता ओलांडला नव्हता. साचलेली वर्तमानपत्रं त्यांनी पिशवीत भरली होती. न्यायचं तर फक्त आजचं नेऊ या, असं मी म्हणून पाहिलं, पण ते ऐकेनात. नानांनी बटण दाबलं. लिफ्ट वर आली, वाटेत आम्ही नाचाच्या तीन मुली घेतल्या आणि खाली उतरलो.

माझ्या खिशात परीक्षकाची पहिली हकिकत छापून घडी करून ठेवलेली होती. इतके दिवस न येण्याचं कारण मित्राला सांगावं लागेल, आणि लिफ्ट येत नव्हती हे कोणाला खरं वाटणार नाही, हा मला अनुभव होता. समजावून सांगायला मी तयारीनिशी चाललो होतो. तिसरा मजला म्हणजे कोणाचा, शून्य म्हणजे काय, हे कसं सोपं करून सांगायचं ते रस्ता ओलांडताना जुळवत होतो.

मित्र भिंतीकडे तोंड करून पडले होते. काम करणाऱ्या बाईंनी त्यांना उशीला टेकवून बसवलं. ते बरेच उतरले होते. त्यांनी नानांकडे नीट पाहिलं, मग पिशवीकडे, मग परत नानांकडे.

“तुला बरं नव्हतं म्हणे,” ते म्हणाले. त्यांचे शब्द जड येत होते.

“मला काही झालं नव्हतं,” नाना म्हणाले. “लिफ्ट येत नव्हती.”

मी खिशात हात घातला.

“असं होय,” मित्र म्हणाले, आणि चांगल्या हाताने त्यांनी पांघरूण ओढून नानांना बसायला जागा केली.